जात्याची पलीकडची बाजू

बाई, येत्या रविवारी मंडळीत महिलांचा दिवस आहे आणि तुमचं नाव काढायचं ठरलंय. तुम्हाला पाहिलेलं माणूस आता मी एकटीच उरले, म्हणून आमच्या पाळकीणबाई घरी आल्या. पाळकाची बायको नव्हे, स्वतः पाळक. वय तिशीच्या आत, स्कूटर चालवतात, उपदेश लहान करतात म्हणून मला आवडतात. त्यांनाही सोपं नाहीये. दोन-तीन पुरुष अजून त्यांच्या हातून प्रभुभोजन घेत नाहीत, त्या रविवारी बरोबर आजारी पडतात. तर म्हणाल्या, "आजी, तुमच्या सासूबाई साक्रीच्या पहिल्या बायबलबाई ना? त्यांच्याबद्दल चार शब्द बोला. हाटातून नवं जातं आणलंय, माळ घालून पुढे ठेवू." मी म्हटलं, "जात्याला माळ कशाला? खुंटा आणलाय का?" त्या हसल्या. खुंटा नव्हताच आणलेला. बोलायला मी नाही म्हटलं. उभं राहून बोलता मला येतं, तुमच्याच हाताखाली शिकले. पण तुमच्यावर बोलायला लागले की चार बाया डोळे पुसणार, मग चहा-चिवडा होणार, आणि काय घडलं ते बाजूलाच राहणार. म्हणून ओट्यावर बसून तुम्हालाच लिहितेय. चौथी शिकलेली आहे, अक्षराला नावं ठेवू नका.

लग्न होऊन आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. बोदवडला गाडीत बसले, चाळीसगावला गाडी बदलली, धुळ्याला उतरले आणि मोटारीनं साक्री. तुमचा मुलगा धुळ्याच्या कापसाच्या जिनात कामाला. शनिवारी यायचा, सोमवारी उजाडायच्या आत जायचा. म्हणजे संसार माझा तुमच्याशीच. बोर्डिंगात शिकलेली सून मिळाली म्हणून तुम्ही मिशनच्या बंगल्यावर पेढे वाटले होते, हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. मला पेढा नाही दिलात. आल्या आठवड्यात म्हणालात, "वस्तीवर जायचंय. पहाटे उठ." मी उठले, वेणी घातली, चांगलं लुगडं नेसले, पुस्तक फडक्यात बांधलं. तुम्ही वर-खाली पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. मला वाटलं, शिकलेल्या सुनेचा मान राखला.

वस्ती कान नदीच्या पलीकडे. एक अंगण, त्यात दोन घरं, दोन चुली आणि जातं एक. घरात दोघी जावा, थोरली आणि धाकटी. भाऊ वेगळे झाले तेव्हा वाटणीत पितळी हंडा थोरलीनं ठेवून घेतला, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. पण जातं काही वाटता येत नाही. आणि ज्वारी दळायची तर एका खुंट्याला दोन हात लागतात. त्यामुळे रोज पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकमेकींच्या तोंडाकडे न बघता दळायच्या आणि उठून आपापल्या चुलीकडे जायच्या. मी जाऊन बसले, पुस्तक मांडीवर उघडलं आणि घसा खाकरला. धाकटी थोरलीकडे बघेना, थोरली धाकटीकडे बघेना, पण माझ्याकडे दोघी बघायला लागल्या, आणि हसू दाबायला लागल्या. तुम्ही मागून म्हणालात, "पुस्तक ठेव. खुंटा धर." मी म्हटलं, "बाई, मी वाचून दाखवते ना." तुम्ही म्हणालात, "त्यांचे हात कामात आणि तुझे मोकळे. तुझं कोण ऐकणार?" त्या दोघींसमोर म्हणालात. माझे कान तापले. खुंटा धरला. बोदवडला आमच्या घरापाशी चक्की होती, मी आयुष्यात पायली दळलेली नव्हती. परत येताना हाताला फोड, आणि तुम्ही मागे न बघता पुढे. घरी आल्यावर हळद आणि तेल मात्र तुम्हीच लावलंत.

मिशनच्या बायबलबाईचं काम म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना देवाचं सांगायचं. दुसऱ्या बायबलबाया दुपारी जायच्या, चित्रं दाखवायच्या. तुम्ही दुपारी जायच्या नाहीत. म्हणायच्या, दुपारी ह्या बाया शेतात, नाहीतर लाकडाला. कान मोकळे असतात ते जात्यावर. मग तुम्ही पुस्तकातली प्रभूची प्रार्थना त्यांच्या बोलीत बसवलीत, जात्याच्या चालीवर. दोघी बोलत नव्हत्या म्हणून अर्धी ओळ हिला, अर्धी तिला. खुंटा थोरलीकडून निघाला की अर्ध्या फेऱ्यात तिनं म्हणायचं, धाकटीकडे पोचला की तिनं पुरं करायचं. अजून कानात आहे.

"वर बसेल आम्हना बाप..." थोरली.

"तुनं नाव मोठं ऱ्हाऊ दे." धाकटी.

"आजनी भाकर आज दे..."

"उद्यानी तुले काळजी शे."

"आम्हना गुन्हा पोटमा घाल..."

"आम्ही दुसरास्ना घालतस तसा."

इतर वेळी एकमेकींना "सरक" म्हणायच्या नाहीत, पण जात्यावर रोज एकमेकींची ओळ पुरी करायच्या. मला तर त्याची मजा वाटायची. घरी आपणही तेच म्हणत दळायचो. तुमचा उजवा खांदा दुखरा, त्यामुळे दाराकडची बाजू कायम तुमची, भिंतीकडची माझी. पहिली ओळ तुमची, दुसरी माझी.

दोन पावसाळे असे गेले. दोघी जावांनी ठरवलं, बाप्तिस्मा घ्यायचा. घरच्यांनी आधी आरडाओरडा केला, मग म्हणाले करा काय करायचं ते, पण भाकरी वेळेवर द्या. आणि त्याच सुमाराला बंगल्यावरच्या गोऱ्या मिसबाई मायदेशी गेल्या. सगळं काम आता आपल्या माणसांच्या हातात आलं. तुम्हाला आनंद झाला होता. तुम्ही स्वतः बंगल्याच्या पायऱ्या धुतल्या होत्या त्या दिवशी. मग एका दुपारी धुळ्याहून मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी एक आले. रिटायर हेडमास्तर, छत्री, काळा कोट, उन्हाळ्यातसुद्धा. सगळे त्यांना नाना म्हणायचे. मी पाणी दिलं, गूळ दिला. नाना म्हणाले, "बाई, आता काम शिस्तीनं चालवायचंय. बाईमाणसानं एकटीनं वस्त्या हिंडायच्या, हे बरं दिसत नाही. आम्ही इथे एक तरुण उपदेशक पाठवतो. तुम्ही धुळ्याला या. शिवणवर्ग सांभाळा."

तुम्ही म्हणालात, "नाना, मला काज करता येत नाही."

"शिकाल."

"उपदेशकाला दळता येतं का?"

नानांना ते कळलं नाही. मला कळलं आणि मी घाईघाईनं आत गेले, हसू येत होतं. नाना म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण बायकांनी बायकांना शिकवलेलं किती टिकतं, मला शंका आहे. तुमच्या तयार आहेत म्हणता त्या दोघी. रविवारी पाळकसाहेबांना घेऊन येतो. आम्ही परीक्षा घेऊ. उतरल्या, तर तुमचं इथलं काम तसंच राहील, मी स्वतः सभेत सांगेन. नाही उतरल्या, तर शिवणवर्ग." तुम्ही म्हणालात, "या." तेवढंच. ते गेल्यावर मी म्हटलं, "बाई, आपण त्यांची तयारी घ्यायला पाहिजे." तुम्ही म्हणालात, "रोज ऐकतो की. पाठ आहे दोघींना." मलाही तसंच वाटलं. रोज ऐकत होतो, पुरी ऐकत होतो. एकदाही आपल्या डोक्यात आलं नाही.

रविवार. आपलं कौलारू प्रार्थनामंदिर, एक खोली. पुढे टेबल, टेबलाशी नाना आणि पाळकसाहेब. पाळकसाहेब मवाळ माणूस, दम्याचा त्रास, बोलायचे कमी. बाकी पुरुष चटईवर उजवीकडे, बाया डावीकडे. तुम्ही दाराशी उभ्या, मी तुमच्या मागे. नाना म्हणतात, एकेकीला आत बोलवा, दुसरीनं बाहेर थांबायचं. थोरली आत येते. डोक्यावर पदर घट्ट, जशी काय कचेरीत आलीय. खाली बसते.

"प्रभूची प्रार्थना येते?"

"माले येस."

"म्हणा."

"वर बसेल आम्हना बाप," थोरली म्हणते. मांडीवरचा हात अर्धा गोल फिरतो आणि थांबतो. नाना वाट बघतात. थोरलीही वाट बघते.

"पुढे?"

"पुढलं मन्ही देरानीनं शे."

"कोणाचं?"

"धाकली जाऊनं. ती भाईर उभी शे." आणि दाराकडे बोट.

पुरुषांच्या चटईवर कोणीतरी फिसकन हसलं. नाना म्हणतात, "जावेचं राहू द्या, तुम्हाला येतं ते म्हणा." मग थोरली आपलं भराभर म्हणून टाकते. आजनी भाकर आज दे. आम्हना गुन्हा पोटमा घाल. झालं. उठते. तिच्या मते पास. धाकटीला बोलावतात. ती बसते आणि तोंडच उघडत नाही. नाना म्हणतात, "सुरू करा." ती म्हणते, "आगोदर ती म्हनस, मंग मी." नाना चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात. शेवटी धाकटी खाली बघून म्हणते, तुनं नाव मोठं ऱ्हाऊ दे. उद्यानी तुले काळजी शे. आम्ही दुसरास्ना घालतस तसा. आणि तिथेच थांबते.

नाना तुमच्याकडे वळले. "बाई, हे काय आहे? एकीला नुसती माफी मागता येते. दुसरी म्हणते आम्ही माफ करतो, पण स्वतःसाठी मागत नाही. अर्धी-अर्धी शिकवलीत?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला त्याच क्षणाला कळलं होतं. तुमच्या तोंडावर ते येताना मी पाहिलं. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी कारण सांगाल. ह्या अडाणी आहेत, घाबरल्या, बोली वेगळी, काहीही. मी असते तर सांगितलं असतं. निदान म्हटलं असतं, दोघींना समोरासमोर बसवा, मग ऐका. तुम्ही पुढे आलात, टेबलाच्या अगदी जवळ, जिथे आपल्यातली बाई तोवर कधी आली नव्हती, आणि म्हणालात, "चूक माझी आहे. त्यांची नाही. मी दोघींकडून एकदम ऐकत राहिले, एकेकीकडून ऐकलंच नाही." आवाज नेहमीचाच. चटईवरचं हसणं बंद झालं.

बाई, त्यानंतर मी ह्या मंडळीत किती सभा पाहिल्या. किती वडील आले-गेले, मी स्वतः वडील झाले. छप्पर गळलं, विहीर आटली, शाळा बंद पडली. चूक माझी आहे, असं टेबलापाशी उभं राहून म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी सुद्धा नाही म्हटलं कधी. तेव्हा मी पोरवयाची, तुमची भीती वाटायची, प्रेम-बिम काही नव्हतं. पण त्या वेळी मागे उभी राहून मला वाटलं, ही माझी सासू आहे. सगळ्यांना ओरडून सांगावं वाटलं.

नाना काही वाईट माणूस नव्हते. हळूच म्हणाले, "बाई, कबूल केलंत ते चांगलं. पण देवासमोर ज्याचं त्याला एकट्याला उभं राहायचंय. तिथे जाऊ पुढची ओळ सांगायला येणार नाही." तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे." आणि परत दाराशी येऊन उभ्या राहिलात. मी तुमचा पदर ओढला. म्हटलं, "बाई, काहीतरी बोला, शिवणवर्गावर पाठवतील." तुम्ही म्हणालात, "गप."

तेवढ्यात बाहेरून भांडण ऐकू आलं. निंबाखाली दोघी उभ्या. वाटणीनंतर पहिल्यांदा जात्याशिवाय बोलत होत्या, आणि काय बोलत होत्या!

"तू तुनं माले कधी सांगं नही!"

"तू बी मन्हं कधी ध्यानमा लिधं नही! रोज तर तोंडवर म्हनस मी."

"तुना तोंडकडे कोन दखस?"

"तेच ना. म्हनून नापास व्हयनी!"

आत पुरुष पुन्हा हसायला लागले. नाना म्हणाले, "आवरा त्यांना." तुम्ही हलला नाहीत. मी जायला निघाले तर माझं मनगट धरलंत. मग भांडण थांबलं. पाळकसाहेब उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर बघत उभे राहिले. मग हातानं नानांना बोलावलं. मीही दाराच्या फटीतून बघितलं. दोघी मातीत समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये जातं नाही, काही नाही. दोघींच्या मुठी एकीवर एक, आणि हवेत फिरवत होत्या. पण बाजू बदलली होती. पहिली ओळ धाकटी म्हणत होती आणि दुसरी थोरली. थोरली अडली की धाकटी मूठ थांबवायची, म्हणायची, "फिर म्हन." कोणी शिकवलं नव्हतं त्यांना ते. तुम्हीही नाही.

नाना म्हणाले, शेवटच्या मोटारीला वेळ आहे, अजून एकदा बघू. धाकटी आधी आली. हात फिरवत, डोळे मिटून, पुरी म्हणाली. एकदा भाकर दोनदा मागितली, पण पुरी म्हणाली. मग थोरली आली. आता ती घाबरलेली नव्हती. वर बसेल आम्हना बाप, तुनं नाव मोठं ऱ्हाऊ दे. आजनी भाकर, उद्यानी काळजी. आम्हना गुन्हा पोटमा घाल. हात अर्धा गोल फिरून पुढे गेला नाही. मला वाटलं, विसरली. मी ओठ हलवून दाखवायला लागले तर तुम्ही माझ्या समोर आलात, मुद्दाम, तिला माझं तोंड दिसू नये म्हणून.

नाना म्हणाले, "आठवत नाही?"

थोरली म्हणाली, "आठवस."

"मग म्हणा."

"आते नही म्हनता येत. आगोदर माले तिनाशी बोलनं शे."

आणि उठली. परीक्षा सोडून सरळ बाहेर. नाना पाळकसाहेबांकडे बघतात, पाळकसाहेब खिडकीकडे. बाहेर थोरलीचा आवाज, चिडल्यासारखा: "तो हंडा लई जाय वं. आजच लई जाय. माले नको आते." धाकटी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. रडली असेल, नाहीतर हसली असेल, तिचं दोन्ही सारखंच वाटायचं. थोरली परत आत आली, जिथे बसली होती तिथेच बसली, पदर नीट केला आणि नानांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "आम्ही दुसरास्ना घालतस तसा."

रोज ऐकलेली ओळ ती. रोज समोरून ऐकायची, पण तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. नानांनी पेनाला टोपण लावलं. पाळकसाहेब म्हणाले, "नाना, आणखी काही विचारायचंय?" नाना म्हणाले, "नाही." मग टेबलावरची छत्री उचलून थोडा वेळ तशीच हातात धरून बसले. मोटारीला जाताना तुमच्यापाशी थांबले. "बाई, मी सभेत सांगतो." तुम्ही म्हणालात, "सांगा. आणि शिवणवर्गाला कोणी शिवता येणारी बघा."

घरी येताना मी वाटभर नानांना बोल लावत होते. कोण समजतात स्वतःला, काळा कोट घालून. तुम्ही नदीत पाय धुतलेत आणि म्हणालात, "त्यांचं बरोबर होतं. उद्यापासून दर पाटीभर दळण झालं की बाजू बदलायची. सगळ्या घरी." मी म्हटलं, "एवढं झालं, बाई, तुम्हाला आनंद नाही झाला?" तुम्ही म्हणालात, "झाला. घरात पीठ संपलंय." ते खरं होतं. त्या संध्याकाळी आपण दळलं, तुम्ही दाराकडे, मी भिंतीकडे. मी म्हटलं, आपणही बाजू बदलू. तुम्ही म्हणालात, "माझा खांदा कुठे बदलू?"

बाप्तिस्मा कान नदीत झाला. पाळकसाहेब पाण्यात कमरेपर्यंत, आणि बायकांना धरायला बाईच पाहिजे म्हणून तुम्हीही पाण्यात. नाना काठावर छत्री घेऊन. धाकटी येताना तो हंडा घेऊन आली होती, जाताना पाणी भरून न्यायला. थोरली पाण्यातून बाहेर आली, केस निथळताहेत, सगळे स्तोत्र म्हणताहेत, आणि ही म्हणते काय, "घासत तरी जाय वं, काळा पडी गया हंडा." धाकटी म्हणाली, "तूच काळा करी दिधा." तुम्ही पाण्यात उभ्या राहून हसलात. मी तुम्हाला मोठ्यानं हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तुमचं काम तसंच राहिलं. म्हणजे, सभेनं एक शेपूट लावलंच. तरुण उपदेशकाच्या देखरेखीखाली, असं ठरलं. तो महिन्यातून एकदा सायकलवर यायचा, चहा प्यायचा, देखरेख करायचा आणि जायचा. मला राग यायचा. तुम्ही त्याला भाकरी खायला घालायच्या. म्हणायच्या, पोरगं लांबून येतं. नाना पुढे दरवर्षी परीक्षेला आले. आल्या आल्या विचारायचे, "बाई, औंदा पुऱ्या आहेत ना?" तुम्ही म्हणायच्या, "दोन्ही बाजूंनी दळलेल्या आहेत, नाना." पलीकडच्या वस्त्यांवर बाया जमायला लागल्या. बाजूच्या गावची पाटलीणसुद्धा एकदा ओट्यावर येऊन बसली, नुसतं ऐकायला. एका पहाटे एका वस्तीवरून दुसरीकडे जाताना तीन अंगणांतून जात्याचा आवाज आणि तीच प्रार्थना मी ऐकली. तुम्ही पुढे चालत होत्या, भराभर, मागे बघत नव्हत्या. तुम्हाला ऐकू आलं की नाही, मी विचारलं नाही.

आणि मग तो ताप. खांदा म्हणता म्हणता छातीत उतरलं. तुम्ही गेलात त्या दिवशी माणसं खूप आली. धुळ्याहून नाना आले, काठी टेकत. पुढे पुरुष बोलत होते, एकामागे एक. मागे माणसांच्या भाकरीला पीठ नव्हतं. मी जात्यावर जाऊन बसले. एकटीनं खुंटा ओढला तर फेरा पुरा होईना. मग थोरली आली, न विचारता समोर बसली, दाराकडच्या बाजूला. खुंटा धरला. एक फेरा झाला आणि तिनं सुरू केलं, वर बसेल आम्हना बाप, तुमची ओळ. मी म्हटलं, "अक्का, नको. आज गप दळ." तिनं माझ्याकडे बघितलं आणि गप दळलं. तिला कळलं असेल. तिच्याइतकं ते कोणाला कळणार?

पुढे तुमचं काम मी केलं. तुमच्याएवढं नाही, पण केलं. जातं पुढे फुटलं. खुंटा बाभळीचा, तो माझ्याकडे आहे. मागच्या दाराला आडणा म्हणून लावते, चांगला बसतो. मंडळीत कोणाला सांगितलेलं नाही, नाहीतर त्यालाही माळ घालतील. पाळकीणबाईंना मात्र रविवारनंतर घरी बोलवणार आहे, स्वयंपाकघरात. ही सगळी हकीकत त्यांना सांगेन. जे प्रभुभोजनाच्या दिवशी आजारी पडतात त्यांच्याकडे त्यांनी आजारपण बघायला जावं, हातात भाकरी घेऊन, हेही सांगेन. ते तुम्हीच केलं असतं.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, टाकणार कुठे? पिठाच्या डब्याखाली ठेवीन. एकच राहिलं. मंडळीत मी पुस्तकातली प्रार्थना म्हणवून घेते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खड्या आवाजात. पण संध्याकाळी घरी एकटी असले की जात्यावरची म्हणते. तुनं नाव मोठं ऱ्हाऊ दे, एवढी माझी ओळ म्हणते आणि थांबते. उद्यानी तुले काळजी शे, आणि थांबते. आयुष्यभर बायकांना सांगितलं, बाजू बदला, पुरी शिका. मला पुरी येते, बाई. तुमच्या ओळी म्हणत नाही.